ताशी चाळीस मैल

बाबा घरी यायचे तेव्हा त्यांच्या बोटांना गंधकाचा वास यायचा.
आई म्हणायची, नरकात कामाला आहेस की काय, लुडविक?
ते हसायचे, आणि पायरीवर बसून
नखांतली तपकिरी माती काडीनं कोरत राहायचे.

माती म्हणजे शेतातली नव्हे.
भट्टीत ऊन करून लाकडी सांगाड्यावर थापायची,
निवली की पोलादी पात्यानं खरवडायची
केसभर. मग पुन्हा केसभर.
वरच्या मजल्यावरचे साहेब येत, डोळे बारीक करून बघत,
म्हणत : आणखी खाली. आणखी लांब.
किती, ते कधीच सांगत नसत.
बाबा डोळे मिटून तळहात फिरवायचे.
हात जिथे अडखळतो
तिथे वाराही अडखळणार, म्हणायचे.

त्या हिवाळ्यात त्यांनी माझा लाल स्वेटर मागितला.
कोपरं फाटली होती, तरी मी रडले.
आईनं तो उसवला, चार-चार बोटांचे तुकडे कापले,
कॉफीच्या रिकाम्या डब्यात भरून दिले.
बोगद्यात पंखा सुरू झाला
की गाडीच्या अंगावर चिकटवलेले ते दोनशे धागे
काय काय करतात, ते बाबा जेवताना
काट्यावरच्या शेवया हलवून दाखवायचे :
काही निमूट मागे झोपतात,
काही अंगात आल्यासारखे घुमतात.
घुमणाऱ्या धाग्याखाली चूक असते.

मग ती न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात
फिरत्या चौथऱ्यावर उभी राहिली.
शेपटीला दोन पंख, डोक्यावर काचेचा घुमट,
रंग असा, की त्याला नाव ठेवण्यासाठी
कंपनीनं वेगळा माणूस ठेवला होता.
कोपरापर्यंत हातमोजे घातलेली एक बाई
उद्याबद्दल बोलत होती,
जणू उद्या म्हणजे खरंच उद्या.
मासिकात फोटो आला. बाबांचं नाव नव्हतं.
डाव्या दाराच्या रेषेत त्यांचा अंगठा होता,
पण तो आम्हालाच दिसायचा.

बॉनेटखाली इंजिन नव्हतं.
होता एक लाकडाचा ठोकळा, चंदेरी रंगवलेला.
रात्री हॉल बंद झाला की चार हमाल तिला ढकलायचे,
आणि ब्रेक नव्हते म्हणून
पाचवा तिच्यापुढे उलट्या पावलांनी चालायचा,
दोन्ही हात पसरून,
नुकत्याच पाऊल टाकू लागलेल्या मुलापुढे चालतात तसा.

तीन वर्षांनी कागद आला. जागा हवी होती.

टाकून दिलेल्याला वाऱ्यावर सोडलं म्हणतात.
ही तर जन्मापासून वाऱ्यासाठीच घासलेली,
आणि तिला वाऱ्यावर सोडायलाही कुणी राजी नव्हतं :
आधी कापा, मग दाबा, मग पावती आणा.

बाबांनी त्या दिवशी रजा टाकली.
आमची गाडी म्हणजे चाकं लावलेलं कपाट.
त्यात मला पुढे बसवून
मिशिगन अव्हेन्यूवर ते भंगाराच्या ट्रकमागे लागले.
वर ती, साखळ्यांनी जखडलेली, तोंड पुढे करून.
वाटेत ताडपत्रीचा कोपरा सुटला.
डावा पंख उघडा पडला, आणि त्याच्या आतल्या अंगाला,
पुसणाऱ्यांचा हात जिथे पोचला नसावा तिथे,

एक लाल धागा.

बाबांनी बोट दाखवलं नाही. मीही नाही.
ट्रकनं वेग घेतला. तीस. पस्तीस.
धागा आधी नुसता लोंबत होता,
मग थरथरला, कानात वारं शिरल्यासारखा दोनदा उसळला,
आणि आमच्या काट्यानं चाळीस दाखवले तेव्हा
सरळ झाला.
निमूट मागे झोपला.

"बघ," बाबा म्हणाले, "कुठेही अडखळत नाही."

पुढे सिग्नल लागला.